दोन खोल्यांच्या घरात बाळुती बदलायची जागा

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको नंदगडला होती. तिथं ऐसपैस सोपा, बाज, शेक-न्हाण्याला वेगळी खोली आणि हाताखाली दोन माणसं. इकडं बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर म्हणजे पुढं दहा बाय बाराचा सोपा, मागं स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात न्हाणी. सोप्यात कॉट, लोखंडी कपाट, शिलाई मशीन आणि आईचा देव्हारा. उरते ती येण्याजाण्याची वाट. त्या वाटेवर साडेतीन महिन्यांचं बाळ येऊन दाखल होणार होतं.

मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर. त्यामुळं डोक्यात पहिल्यांदा आलं ते लोखंडच. भिंतीला मिटणारी फळी करायची, तिच्यावर बाळाचे कपडे बदलायचे, काम झालं की मिटवून टाकायची. ती केलीही, आणि पुढं ती कशी करायची ते सांगणारच आहे. पण फळी हे खरं तर या कामातलं शेवटचं काम. मी ते पहिलं केलो आणि दोनदा केलो. म्हणून इथं क्रम बदललाय. या क्रमानं गेलात तर कदाचित तुम्हाला फळी लागणारही नाही.

आधी तीन दिवस खडू घेऊन बसा

बाळ घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी दाराच्या मागं खडूनं रेघा मारत गेलो. बाळुतं बदलताना घरातलं कुणीही मधूनच उठलं की एक रेघ. रात्रीपर्यंत एकोणीस झाल्या. कोरडं बाळुतं कपाटात, कोमट पाणी स्वयंपाकघरात, ओलं टाकायची बादली न्हाणीत आणि खोबरेल तेल देव्हाऱ्याशेजारी. चार वस्तू चार दिशांना. प्रत्येक वेळी बाळ कॉटवर एकटं, आणि उठणारा म्हणतोय, "बघ हां जरा, आलोच."

चौथ्या महिन्याच्या आसपास बाळं पालथी पडायला लागतात. काही त्याच्या आधीच. पहिल्यांदा कधी पालथं पडणार याची सूचना कुणालाच मिळत नाही, त्यामुळं काल पडलं नाही म्हणून आज पडणार नाही असा हिशेब चालत नाही. एक हात कायम बाळाच्या अंगावर असला पाहिजे, ही यातली मुख्य अट. मग सगळं सामान दुसऱ्या हाताला मिळालं पाहिजे.

ते मापायची सोपी रीत अशी. जमिनीवर उशी ठेवा, घरात जिचा हात सगळ्यात आखूड तिला पुढं बसवा. आमच्याकडं ती आई. डावा तळवा उशीवर टेकवून ठेवायला सांगा, उजव्या हातात खडू द्या आणि जमिनीवर जेवढा लांब पोचेल तेवढा अर्धगोल काढायला सांगा. आईचा अर्धगोल दोन फुटांच्या आतच संपला. म्हणजे सामान ठेवायची आमची जागा तेवढीच. कोरडी बाळुती, पुसायचं कापड, पाण्याचं भांडं, तेल आणि ओलं टाकायची बादली या पाच वस्तू खडूच्या आत बसल्या की निम्म्याहून जास्त काम झालं. त्याच दुपारी मी नुसतं सामान हलवलं, एक खिळाही न मारता, आणि दुसऱ्या दिवशी रेघा सहावर आल्या.

उजव्या हाताचं माणूस असेल तर बाळाचं डोकं डावीकडं आणि सामान उजवीकडं. डावखुऱ्यांनी उलटं. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर जी रात्री उठते तिच्या हाताप्रमाणं मांडा.

खाली की वर

शेजारच्या अक्कांनी माझं वेल्डिंग बघून सरळ विचारलं, "बाळुती बदलायला टेबल? आमची पाच पोरं पायावरच वाढली की."

खरं आहे त्यांचं. जमिनीवरून बाळ कुठं पडणार? पाय पसरून बसायची सवय असलेल्या बाईला यापेक्षा बरी जागा नाही, आणि जागा वाचवायचीच असेल तर गुंडाळून ठेवता येईल अशी वाकळ सोडून काही करूच नये. पण सिझेरियन झालेल्या बाईला दिवसातून दहा-बारा वेळा खाली बसून उठायला लावणं हा छळ आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही तेच. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, जुलै-ऑगस्टमध्ये फरशीला हात लावला तरी गार वाटतं. खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं तर भिंतीसुद्धा घामेजतात. अथणी-रायबागकडच्या लोकांना हा त्रास नाही, त्यांना उन्हाळ्यात तीच फरशी बरी वाटेल.

आणखी एक गोष्ट इथल्या रीतीतूनच येते. उंच फळीचा खरा उपयोग पहिल्या तीन महिन्यांत, आईचे टाके ओले असताना आणि बाळ एका जागी पडून असताना. पण आपल्याकडं ते तीन महिने माहेरी जातात! सासरच्या घरी बाळ येतं ते पालथं पडायच्या वयातच. म्हणून फळी करायची असेल तर ती माहेरच्या घरी जास्त कामाची. सासरी वाकळ आधी, फळी गरज पडली तर. माझ्या बायकोची कंबर धरत होती, म्हणून आमच्याकडं दोन्ही झालं.

गुंडाळायची वाकळ

ही आईनं शिवली. माप ३० इंच लांब, २० इंच रुंद. जन्मताना बाळ साधारण ५० सेंटिमीटरचं असतं आणि वर्षाचं होईपर्यंत ७५ च्या घरात जातं, म्हणून ३० इंच म्हणजे वर्षभराची सोय झाली.

खाली जुन्या सुती पातळाचे सहा पदर, त्यावर धावदोरा. टाके दाट घातले की वाकळ कडक होते आणि गुंडाळताना फुगते, म्हणून दोन ओळींमध्ये दीडेक इंच अंतर ठेवा. त्यावर मेणकापड किंवा रबरी शीट. हे शिवून टाकू नका, कारण ओलं झालं की ते वेगळं धुता आलं पाहिजे. आईनं वाकळेच्या चार कोपऱ्यांना तिरप्या पट्ट्या शिवल्या आणि मेणकापडाचे कोपरे त्यांत अडकवले, लहानपणी वहीच्या पुठ्ठ्याला आपण कव्हर घालायचो तसे. सर्वांत वर नुसतं एक सुती कापड, जे रोज बदलतं. मेणकापडावर बाळाला उघडं ठेवलं तर थंडीत ते दचकतं आणि उन्हाळ्यात पाठ घामेजते.

उजव्या लांब कडेला आठ इंच उंचीची खिशांची पट्टी शिवली, तीन खिसे. पहिल्यात चार बाळुती, दुसऱ्यात पुसायची कापडं, तिसऱ्यात तेलाची छोटी बाटली. पट्टी वाकळेवर दुमडायची, मग सगळं मिळून गुंडाळायचं आणि नाडीनं बांधायचं. गुंडाळी झाली की ती कॉटखाली जाते. बायको परत नंदगडला जाताना हीच गुंडाळी काखेत घेऊन बसमध्ये चढते, वेगळी पिशवी लागत नाही.

तेलाच्या बाटलीचं झाकण आटेवालं असू दे, दाबायचं नको. हे मी कसं शिकलो ते विचारू नका.

देवळीचा उपयोग

जुन्या घरांत भिंती दीड-दीड फूट जाड आणि त्यांत देवळ्या असतात. पूर्वी तिथं दिवा असायचा, आता मोबाइलचे चार्जर आणि लग्नपत्रिका साठतात. जागा वाचवायला याहून चांगलं काय? भिंतीच्या पोटातली जागा, बाहेर एक इंचही येत नाही. आमची देवळी १४ इंच रुंद, १८ इंच उंच आणि आठ इंच खोल. रिकामी केली तेव्हा तीन वर्षांपूर्वीचं दिवाळीचं उटणं सापडलं.

पावसाळ्यात जुन्या भिंतीला लोणा येतो, पांढरी पूड सुटते. तिच्यात बाळाचे कपडे उघडे ठेवायचे नाहीत. आम्ही देवळीत स्टीलचे दोन चौकोनी डबे आडवे बसवले, तोंड आपल्याकडं. बाळुती घडी घालून उभी लावली, दप्तरात वह्या लावतात तशी. त्यामुळं एक ओढली की बाकीची पडत नाहीत, आणि एका हातानं काढता येते. दुसऱ्या डब्यात कापूस, तेल, एक जोड कपडे. वरच्या फटीत चार्जिंगची छोटी बत्ती, लाइट गेली की तीच.

देवळी बाळाच्या डोक्यावर येत असेल तर ती वापरू नका, नाहीतर बाळ तरी दुसरीकडं फिरवून ठेवा. डोक्याच्या वर कुठलाही डबा, फोटोची चौकट, घड्याळ नको. नवीन घरात देवळी नसते. तिथं जुन्या जीन पँटचे खिसे एका जाड कापडावर शिवून ते दाराच्या मागं किंवा कपाटाच्या बाजूला टांगा. लोखंडी कपाटाला लोहचुंबकाचे हूक चालतात, पण फक्त कापडासाठी, बाटलीसाठी नाही.

डांबरगोळ्या मात्र या डब्यांत कधीच टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर कमी असतं, त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या कपड्यांचा वाससुद्धा बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. ट्रंकेतून काढलेली जुनी दुपटी आधी धुऊन उन्हात वाळवायची, मगच बाळाला घालायची.

भिंतीची फळी

आता लोखंड. पहिला प्रश्न, भिंत कसली आहे? सिमेंट-विटांची पक्की भिंत असेल तर बाजारात मिळणारे मिटणारे ब्रॅकेट आणि चांगले फास्टनर पुरतात. ब्रॅकेटच्या खोक्यावर किती किलो ते छापलेलं असतं, त्याच्या निम्मंच धरा. चिऱ्याच्या भिंतीत जपून. जांभा दगड भोकाभोकांचा असतो, छोटा प्लग आत गरगर फिरत राहतो. लांब फास्टनर घ्या आणि भोक चिऱ्याच्या मध्यावर पाडा, दोन चिऱ्यांमधल्या गाऱ्यात नको.

आणि मातीची भिंत असेल तर भिंतीवर वजन टाकूच नका. आमची मातीचीच. वर सिमेंटचा गिलावा इतका टणक की मला वाटलं आत पण तसंच असणार. चार प्लग मारले, ब्रॅकेट बसवले, फळी टाकली, दाबून बघितलो, हलली नाही. तरी वर्कशॉपमधली सवय म्हणून रात्री तिच्यावर २५ किलो तांदळाचं पोतं ठेवून झोपलो. वर्षाच्या बाळाचं वजन नऊ-दहा किलो असतं, त्यात आपण कोपर टेकवतो, म्हणून त्याच्या अडीचपट. रात्री कधीतरी धाडकन आवाज झाला. उठून बघतो तर फळी एका बाजूला लोंबतेय, गिलाव्याचा परातीएवढा तुकडा खाली आणि त्यातून लाल माती भुरभुर गळतेय. आतून आईनं एवढंच विचारलं, "तांदूळ सांडलं काय रे?"

बाळ तेव्हा नंदगडला होतं. पण त्या रात्री मला परत झोप लागली नाही.

दुसऱ्या वेळी भिंतीला फक्त टेकवलो आणि वजन जमिनीवर उतरवलो. एक इंची चौरस पाइपचे दोन उभे खांब, मधे दोन आडव्या पट्ट्या, खाली रबरी बूट. ही चौकट भिंतीला लागून जमिनीवर उभी राहते आणि फळी तिच्या वरच्या पट्टीला बिजागरीनं बसते. मग भिंतीचं काम एवढंच की चौकट पुढं कलू नये. त्याचा हिशेब सोपा आहे. पोतं आणि फळी मिळून ३० किलो, भिंतीपासून सरासरी दहा इंच पुढं. चौकट ३२ इंच उंच. दहा गुणिले तीस भागिले बत्तीस, म्हणजे वरच्या टोकाला साधारण नऊ-दहा किलोचा ओढा. तेच दहा इंची ब्रॅकेट नुसत्या भिंतीला मारलं तर वरच्या स्क्रूंवर तीस किलोचा ओढा येतो, आणि सगळं वजन खाली लटकतं ते वेगळं. मातीची भिंत पहिलं सोसते, दुसरं नाही. मी तर वरचं टोक भिंतीलाही बांधलो नाही, शेजारी दाराची फणसाची जुनी चौकट आहे, तिच्यात दोन लांब स्क्रू घातले. वरची पट्टी त्या बाजूला सहा इंच पुढं काढून ठेवली होती. दुसऱ्या बाजूला भिंतीत एक फास्टनर, नुसता हलू नये म्हणून.

फळीची उंची कशी ठरवायची? जी बाई जास्त वेळा वापरणार तिला उभी करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करा. आमच्याकडं ३३ इंच निघाली, म्हणजे जवळपास स्वयंपाकाच्या ओट्याएवढी. त्यातून वाकळेची जाडी वजा करायला विसरू नका.

फळी १९ मिलिमीटर प्लायची, वाकळेच्याच मापाची, ३० बाय २०. ओलं होणार म्हणून पाण्याला टिकणारं प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. एवढा तुकडा सुताराकडं उरलेल्या मालात मिळतो, आख्खी आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नाही. वजन साधारण पाच किलो भरतं. तिन्ही मोकळ्या कडांना अडीच इंच उंचीची लाकडी पट्टी, कोपरे पॉलिश पेपरनं गोल करून. या पट्टीमुळं बाळ अडतं असं समजू नका, ती फक्त तुमचा अर्धा क्षण वाचवते. बांधायचा पट्टाही लोक लावतात. मी लावलो नाही, कारण पट्टा लावला की माणसाचा हात निर्धास्त होऊन सुटतो.

बिजागरी कुठं लावायची यावर मी बराच वेळ घालवला. फळी वर मिटवून कडी लावायची अशी पद्धत दुकानांत दिसते. कडी निसटली तर पाच किलोची फळी खाली बसलेल्याच्या डोक्यात. म्हणून आमची फळी खाली लोंबते. मिटलेली असताना तिला कशाचाच आधार लागत नाही, ती आपल्याच वजनानं गप्प राहते. वापरताना उचलायची, खालचे दोन तिरपे टेकू पुढं ओढायचे, चौकटीच्या खालच्या पट्टीवरच्या खाचेत बसवायचे आणि दोन्हीकडं पिन घालायची. पिन साखळीनं चौकटीलाच बांधा, नाहीतर आठवड्यात हरवते. मिटल्यावर सगळं मिळून भिंतीपासून पाच इंचांच्या आत राहतं, वाटेत येत नाही. फळी आणि चौकट यांच्यात बोट सापडणार नाही एवढी फट ठेवा, रांगायला लागलेलं बाळ पहिल्यांदा तिथंच बोट घालतं.

लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वरून ऑइलपेंट, नाहीतर एका पावसाळ्यात गंज. रंग शिसं नसलेला मागून घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि बाळ यायच्या दोन आठवडे आधी लावून घर उघडं ठेवा. मग पुन्हा पोतं. या खेपेला दोन रात्री ठेवलं.

भाड्याच्या घरात

मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, त्यांचं चूकही नाही. पहिला पर्याय वाकळच. उंची हवीच असेल तर पायानं चालवायची जुनी शिलाई मशीन बघा. मशीनचं डोकं आत उतरवून वर फळी टाकली की मिळणारी उंची फार कमी नसते, बसून बदलायला तर नेमकी. पण चाकाचा पट्टा काढून ठेवा, टेबल भिंतीच्या कोपऱ्यात लावा म्हणजे दोन बाजू बंद होतील, आणि बाळ पालथं पडायला लागलं की हे बंद. वॉशिंग मशीनच्या वरही काहीजण करतात. पुढून उघडणारी असेल तर वरचा भाग सपाट आणि उंचीला बरा असतो, चालू नसताना. वरून उघडणाऱ्याचं झाकण लवतं, त्यावर नको. आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर कधीही नको, तिथं उकळतं दूध असतं.

पावसाळा आणि वलण

आता खरी जागा कुठं जाते ते सांगतो. बाळुतं बदलायला सहा चौरस फूटसुद्धा लागत नाहीत. जागा खातात ती वाळत घातलेली बाळुती. मे महिन्यात सकाळी धुतलेलं दुपारी वाळतं, जुलैत दोन दिवस लागतात. दिवसाला बारा धरा. म्हणजे कुठल्याही वेळी २४ वलणीवर, बारा वापरात आणि बारा राखीव. एकूण ४८. उन्हाळ्यातल्या हिशेबानं वीस शिवून ठेवली तर आषाढात रडायची पाळी येते.

एक बाळुतं ४५ सेंटिमीटर रुंद. २४ बाळुत्यांना जवळपास ११ मीटर दोरी लागते. एवढी दोरी दहा बाय बाराच्या सोप्यात बांधली तर माणसानं चालायचं कुठून? म्हणून वलण छताला. सहा-सहा फुटांच्या सहा नळ्या, म्हणजे ३६ फूट, तेवढ्यात बरोबर बसतं. दोन कप्प्या, नायलॉनची दोरी आणि भिंतीला एक खुंटी. खाली घ्यायचं, वाळत घालायचं, वर ओढून गाठ मारायची. तयार पण मिळतं. जुन्या घरात कप्पी वाशाला बांधा, पत्र्याच्या अँगलला बांधताना आधी गंज बघा. वलण पंख्याच्या पात्यांपासून दोन हात लांब, आणि पाळण्यावर किंवा गॅसवर अजिबात नको. पंखा मात्र चालू ठेवा आणि खिडकी थोडी उघडी, नाहीतर दमटपणा घरातच फिरतो आणि कपड्यांना कुबट वास येतो. शेवटचा ओलसरपणा इस्त्रीनं काढावा.

आपल्याकडं पावसाळ्यात टोपलं पालथं घालून खाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची आणि वर बाळुती वाळवायची, ही जुनी रीत. आईचा तिच्यावर फार जीव. पण बंद खोलीत कोळशाचा जो वायू साठतो, त्याला वास नसतो, तो कळतही नाही आणि माणूस झोपेतच जातो. शेगडी लावायचीच तर परड्यात, पडवीत, जिथं वारा आहे तिथं. बाळ-बाळंतीण निजतात त्या दार लावलेल्या खोलीत नको. धुरीचंही तेच, बाळाच्या फुप्फुसाला धूर सोसत नाही. हे आईला पटवायला मला वलण बांधून, भरपूर बाळुती वाळवून दाखवावी लागली. नुसत्या बोलण्यानं झालं नसतं.

ओलं आणि घाण

खडूच्या अर्धगोलात झाकणाची बादली ठेवायची, पण कोरडी. पाणी भरून बाळुती भिजत ठेवायची सवय रांगणाऱ्या बाळाच्या घरात मोडलीच पाहिजे. बादलीत डोकावताना बाळ तोंडावर पडलं तर दोन इंच पाणीही जीव घ्यायला पुरतं. भिजवायचं ते न्हाणीत, दार लावून. शी लागलेलं आधी गार पाण्यात खंगाळा, मग साबण. साबण पूर्ण निघेपर्यंत पिळा, अंगावर पुरळ येतो त्याला पुष्कळदा उरलेला साबण कारण असतो. कपडे मऊ करायचं औषध घालू नका, त्यानं कापड ओल शोषत नाही.

बाजारचं डायपर रात्री किंवा प्रवासात वापरत असाल तर त्यातली शी संडासात टाका, डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधा आणि इतर कचऱ्यात न मिसळता वेगळं द्या. घनकचऱ्याच्या नियमांत त्याला सॅनिटरी कचरा म्हटलंय. गटारात किंवा मागच्या परड्यात जाळायला टाकायचं नाही.

रात्रीचा क्रम

आधी सगळं उघडून मांडायचं, बाळ नंतर ठेवायचं. नवं बाळुतं पसरलेलं, पुसायचं कापड ओलं करून पिळलेलं, बादलीचं झाकण काढलेलं. पाणी कोमटच, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं. गरम पाण्याचा थर्मास अर्धगोलाच्या बाहेर. मग बाळ. पुसताना पुढून मागं, मुलीच्या बाबतीत तर हे कटाक्षानं. पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, सांध्यांत थोडं खोबरेल. पावडर नको, तिचा बारीक धुरळा श्वासात जातो. नाळ पडली नसेल तर बाळुतं तिच्या खाली दुमडायचं आणि नाळेला काहीही लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, राख तर नाहीच. ती कोरडी राहिली की आपोआप पडते. पिवळा मंद दिवा पुरे, तो बाळाच्या डोळ्यांवर नको. आणि त्या वेळी बाळाशी गप्पा मारायच्या नाहीत, नाहीतर अडीचला उठलेलं बाळ चारपर्यंत खेळतं. हा नियम बायकोचा, मोडणारा मी.

आमचं बाळ आठव्या महिन्यात फळीच्या पट्टीला धरून उभं राहायला बघायला लागलं. त्याच दिवशी फळीवर बदलणं बंद केलो आणि सगळा कारभार पुन्हा वाकळेवर आला. अक्का येऊन बघून गेल्या, म्हणाल्या काही नाहीत. फळीच्या कडेच्या पट्ट्या चार स्क्रूंवर होत्या त्या काढून टाकल्या, वर जुनं ब्लँकेट घातलं. आता आई तिच्यावर उभ्यानं इस्त्री करते आणि इस्त्री झाली की पिन मी काढून ठेवतो, बाळाच्या हाताला लागू नये म्हणून देवळीत, उटण्याच्या जागी.